‘शांग-ची’: सुपरहीरोच्या वेशातला कुंग फूपट

‘शांग-ची अँड द लेजंड ऑफ द टेन रिंग्ज’ हा मार्व्हल स्टुडिओजचा चित्रपट सप्टेंबर २०२१मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन डेस्टिन डॅनियल क्रेटनचं, नायक चीनमध्ये जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला सिमू लिऊ, आणि नायकाच्या बापाच्या भूमिकेत हाँगकाँगच्या सिनेमातला दिग्गज टोनी लेऊंग. सुपरहीरोपटाला लागणारा सगळा सरंजाम इथे हजर आहे. अलौकिक ताकदीची दहा कडी आहेत, शतकानुशतकं पडद्याआडून सूत्रं हलवणारी संघटना आहे, जग गिळायला टपलेला राक्षस आहे आणि शेवटी आभाळात झुंजणारे अजस्र प्राणीही आहेत. तरीही हा चित्रपट आवडलेला प्रेक्षक राक्षसाचं नाव सहसा काढत नाही. तो बोलतो धावत्या बसमधल्या मारामारीबद्दल, उंच इमारतीला बांधलेल्या बांबूच्या परांचीवरच्या झटापटीबद्दल, आणि एक पुरुष व एक बाई लढता लढता एकमेकांच्या प्रेमात पडतात त्या जंगलातल्या प्रसंगाबद्दल. चित्रपट खपला सुपरहीरोच्या नावावर, रंगला मात्र कुंग फूच्या जोरावर.

या दोन प्रकारांचं मुळात फारसं पटत नाही. सुपरहीरोला ताकद बहुधा अपघाताने, यंत्राने किंवा जन्माने मिळते. कुंग फूपटात ती कमवावी लागते. तिथे गुरू असतो, वर्षानुवर्षांचा सराव असतो, आधी खाल्लेला मार असतो. सुपरहीरोचं अंग पोशाखाखाली झाकलेलं असतं आणि अवघड प्रसंगी त्याच्या जागी संगणकाने घडवलेली आकृती येते. कुंग फूपटात नटाचं शरीर हाच सगळ्याचा पुरावा. पाय किती वर गेला, उडी कुठून कुठे पडली, हे प्रेक्षक डोळ्यांनी मोजत असतो. शिवाय वेदनेचा प्रश्न आहेच. अंगावर इमारत कोसळूनही जो कपडे झटकत उठतो, त्याच्या कानशिलात बसलेल्या एका ठोशाची फिकीर कोणी करावी? हे दोन प्रकार एकत्र आणायचे तर अलौकिक ताकदीला आवर घालावा लागतो. ‘शांग-ची’ने बराच वेळ तो घातला आहे, आणि जिथे सोडला आहे तिथे चित्रपटही घसरला आहे.

अशी जोडी जुळवण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत १९६६-६७मध्ये ‘द ग्रीन हॉर्नेट’ नावाची दूरचित्रवाणी मालिका आली. तिच्यात मुखवटाधारी नायकाचा तितकाच मुखवटाधारी साथीदार केटो हे पात्र ब्रूस लीने केलं होतं. हाँगकाँगमध्ये ही मालिका नायकाऐवजी केटोच्याच नावाने ओळखली गेली, यातच सगळं आलं. पुढे १९९३मध्ये ‘द हिरोइक ट्रायो’त मिशेल यो, अनिता मुई आणि मॅगी चुंग या तीन नायिका एकत्र आल्या, आणि १९९६च्या ‘ब्लॅक मास्क’मध्ये जेट लीने काळा मुखवटा चढवला. हॉलिवुडला खरी वाट सापडली ती १९९९च्या ‘द मेट्रिक्स’मध्ये. हाँगकाँगचे फाइट मास्टर युएन वू-पिंग यांनी त्या चित्रपटातल्या नटनट्यांना चित्रीकरणाआधी काही महिने तालीम दिली आणि मग त्यांना दोरावर चढवलं. ‘मेट्रिक्स’चा छायाचित्रकार बिल पोप हाच ‘शांग-ची’चाही छायाचित्रकार आहे, हा योगायोग नसावा.

शांग-चीचा जन्म मात्र कॉमिकच्या पानांवरचा. ‘कुंग फू’ ही मालिका १९७२मध्ये अमेरिकी टीव्हीवर सुरू झाली होती आणि ब्रूस लीची लाट चढणीला होती. त्या भरात स्टीव्ह एंगलहार्ट आणि जिम स्टारलिन यांनी डिसेंबर १९७३च्या अंकात हे पात्र आणलं. तोवर ब्रूस लीचं निधन होऊन काही महिने झाले होते. कॉमिकमध्ये शांग-चीचा बाप होता फू मांचू. इंग्रज लेखक सॅक्स रोमर याने विसाव्या शतकाच्या आरंभी रंगवलेला हा कपटी, पिवळ्या कातडीचा खलनायक म्हणजे पाश्चात्त्यांच्या मनातल्या चिनी भीतीचं बुजगावणं. ते आज पडद्यावर आणणं शक्य नव्हतं आणि आणूही नये. चित्रपटकर्त्यांनी फू मांचूला वगळलं, ‘आयर्न मॅन’चा जुना शत्रू मँडरिन याच्याकडची दहा अस्त्रं घेतली आणि दोन्हींच्या जागी वेनवू नावाचा नवा माणूस उभा केला. कॉमिकमध्ये ही अस्त्रं बोटांतल्या अंगठ्या होती. चित्रपटात ती मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची कडी झाली. हा बदल छोटा दिसतो, पण चित्रपटाचा निम्मा डाव त्यावर जिंकला आहे. हुंग गार या दक्षिण चिनी शैलीत हातांत जड लोखंडी कडी चढवून सराव करतात. स्टीफन चाऊच्या ‘कुंग फू हसल’मधला शिंपी अशीच कडी घालून लढतो. अंगठीतून किरण सोडायला बोट वर केलं की पुरतं. कडी फेकायची, परत झेलायची, चाबकासारखी ओढायची तर खांदा, कंबर, पाय सगळं हलवावं लागतं. ताकद जादूची असली तरी ती वापरायला अंगमेहनत हवी, अशी ही योजना आहे.

मारामारीची सूत्रं ज्यांच्या हाती होती ती माणसं जॅकी चॅनच्या आखाड्यातली. ब्रॅड अ‍ॅलन हा ऑस्ट्रेलियन जॅकी चॅनच्या स्टंट पथकात शिरलेला पहिला बिगर-आशियाई. १९९९च्या ‘गॉर्जस’मध्ये तो खुद्द चॅनशी दोन हात करताना दिसतो. अँडी चेंगही त्याच पथकातला. अ‍ॅलनचा मृत्यू ऑगस्ट २०२१मध्ये, चित्रपट लागायच्या काही आठवडे आधी झाला, आणि चित्रपट त्यालाच अर्पण केलेला आहे. गावच्या वडीलधाऱ्याच्या एका छोट्या भूमिकेत युएन वा दिसतात. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीच्या कोलांट्या मारणारा डुप्लिकेट तो हाच माणूस. जाणकार प्रेक्षकाला अशा ओळखीच्या खुणा जागोजागी सापडतात, पण त्या न ओळखणाऱ्याचंही काही अडत नाही.

या घराण्याची रीत हॉलिवुडच्या रिवाजाहून वेगळी आहे. २००४नंतर ‘बोर्न’ मालिकेच्या प्रभावाने अमेरिकी चित्रपटांत मारामारी म्हणजे हलता कॅमेरा आणि सेकंदा-दीड सेकंदाला कट असं समीकरण झालं. त्यात धांदल भासते, पण कोणी कोणाला काय मारलं ते कळत नाही. नट अप्रशिक्षित असेल तर ते लपवायला ही पद्धत सोयीची. हाँगकाँगची रीत उलटी. कॅमेरा मागे ठेवायचा, लढणारे डोक्यापासून पायापर्यंत दिसू द्यायचे आणि डाव पुरा होईपर्यंत कापायचं नाही. कापायचंच झालं तर घाव बसण्याच्या क्षणी कापायचं आणि दुसऱ्या शॉटमध्ये तोच घाव काही फ्रेम मागून पुन्हा दाखवायचा. नजरेला पुनरावृत्ती जाणवत नाही, तडाखा मात्र दुप्पट वाटतो. डेव्हिड बॉर्डवेल या अमेरिकी चित्रपट-अभ्यासकाने हाँगकाँगच्या सिनेमावर पुस्तक लिहिताना आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं होतं. ही मारामारी सलग चालत नाही. क्षणभर पवित्रा, मग हालचालींचा झपाटा, मग पुन्हा क्षणभर स्तब्धता, अशी तिची लय असते. जॅकी चॅनची पिढी लहानपणी पेकिंग ऑपेराच्या शाळेत घडली होती, आणि त्या रंगभूमीवर ढोल-झांजांच्या ठेक्यावर लढाई उभी राहते. त्या थांब्यात प्रेक्षक झालेला डाव समजून घेतो आणि पुढच्याची वाट पाहतो. नृत्यातली सम चुकली की जाणकार कासावीस होतो, तसंच इथेही.

ही रीत पूर्ण खुलते ती सुरुवातीच्या जंगलातल्या प्रसंगात. हजार वर्षं कड्यांच्या बळावर जगलेला आणि राज्यं लुटत आलेला वेनवू १९९६मध्ये ता लो या गुप्त गावाच्या शोधात निघतो. वाट अडवणारं, हलणारं बांबूचं रान पार करून तो एका मोकळ्या जागेत पोहोचतो, तर समोर उभी गावाची रक्षक यिंग ली. ही भूमिका फाला चेनची. वेनवूचे घाव सरळ, कठीण, मूठ वळलेले. यिंग लीचे हात उघडे, हालचाल वर्तुळाकार. ती समोरच्याचा जोर अडवत नाही, त्याला वळण देते. ताई ची पाहिलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. वेनवू एकेक कडं सोडतो आणि ती ते वाऱ्यावर झेलून त्याच्याकडेच परतवते. भोवती पानं गोल फिरत राहतात. लढाई पुढे जाते तसे दोघांमधलं अंतर कमी होत जातं, चेहरे जवळ येतात, एकाचं मनगट दुसऱ्याच्या हातात राहतं ते आवश्यकतेपेक्षा किंचित जास्त वेळ. शेवटी हजार वर्षं न हरलेला माणूस पाण्यात उताणा पडतो आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नसतो. या दोघांनी पुढे लग्न का केलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. यात दोरांचा वापर भरपूर आहे, पण तो वूशिया या चिनी वीरपटांच्या जुन्या संकेताला धरून. त्या संकेतात साधनेने शरीर हलकं होतं आणि योद्धा पानाफांद्यांवरून तरंगतो. किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’मधली बांबूच्या रानातली लढाई हा या परंपरेतला मानदंड, आणि आंग लींच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने २०००मध्ये ती जगभर पोहोचवली. त्या चित्रपटातली मिशेल यो इथे यिंग लीची बहीण यिंग नान झाली आहे.

बसमधली मारामारी दुसऱ्या टोकाची. शांग-ची घर सोडून सॅन फ्रान्सिस्कोत शॉन या नावाने राहतो आणि हॉटेलात पाहुण्यांच्या गाड्या लावायचं काम करतो. मैत्रीण केटीसोबत तो बसने कामावर निघालेला असताना काही धटिंगण त्याच्या गळ्यातलं, आईने दिलेलं पाचूच्या रंगाचं पदक मागतात. केटी त्यांनाच वेड्यात काढते. हा लढणाऱ्यातला वाटतो तरी का, असा तिचा सवाल. पुढच्याच क्षणी शॉनचा हात ठोसा अडवतो आणि प्रेक्षकाइतकीच केटीही अवाक होते. इथून पुढे बसमधली प्रत्येक वस्तू कामाला येते. उभ्याने धरायचे दांडे, खिडकीची चौकट, दोन डब्यांना जोडणारा मधला सांधा, अंगातलं जॅकेटसुद्धा. एकदा तर तो खिडकीतून बाहेर झोकांडा घेऊन पुन्हा आत येतो. हा शुद्ध जॅकी चॅनचा वारसा आहे. जागा अरुंद करायची, हाताशी असेल ते हत्यार करायचं आणि नायकाला सतत दुसरी एखादी काळजी लावायची. इथे ती काळजी म्हणजे प्रवासी. रेझर फिस्ट या दांडग्या गुंडाच्या एका हाताच्या जागी तापलेलं पातं आहे. ते ब्रेकची वाट लावतं, चालक बेशुद्ध पडतो आणि शहराच्या प्रसिद्ध उतारावर केटीला स्टिअरिंग हातात घ्यावं लागतं. शॉन एका बाजूला ठोसे चुकवतो आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांना पुढच्या डब्यात ढकलतो, कारण मागचा डबा आता तुटून पडणार हे त्याने हेरलेलं असतं. एक प्रवासी फोनवर या सगळ्याचं थेट प्रक्षेपण करत मारामारीला गुण देत बसतो, हा वर तडका. बसच्या आतलं चित्रीकरण बरंचसं सिडनीच्या स्टुडिओत झालं, हे सांगितलं नाही तर ध्यानात येत नाही, कारण माणसांची जागा कधी हरवत नाही. कोण कुठे उभा आहे, दार किती लांब आहे, हे प्रेक्षकाला दर क्षणी ठाऊक असतं. आणि एवढं करूनही पदक जातंच. नायक जिंकतो, पण ज्याच्यासाठी लढला ते गमावतो. त्यामुळे गोष्टीला पुढे जायला कारण मिळतं.

मकाऊतली परांचीवरची लढाई दिसायला जास्त नेत्रदीपक आणि अर्थाने थोडी उणी. मकाऊ-हाँगकाँगमध्ये उंच इमारतींना अजूनही बांबूची परांची बांधतात. ती तुटते, झुलते, माणसं मजला मजला खाली घसरतात, मागे निऑनचे दिवे. तिथे लक्षात राहते ती शांग-चीची बहीण शियालिंग. मुलगी म्हणून बापाने तिला तालमीत घेतलं नाही, तेव्हा ती लपून बघत शिकली. तिचं हत्यार दोरीच्या टोकाला बांधलेलं पातं. ते चालवायला दुसऱ्या कोणाची साथ लागत नाही आणि कोणाला जवळही येऊ द्यावं लागत नाही. एकटीने वाढलेल्या मुलीला हे हत्यार देणाऱ्याला दाद द्यायला हवी. शियालिंग झालेल्या मेंगर झांग या अभिनेत्रीचा हा पहिलाच चित्रपट होता, यावर विश्वास बसत नाही.

एवढं झाल्यावर वेनवू समोर येतो, आणि टोनी लेऊंग हे या चित्रपटाचं सर्वांत मोठं भांडवल ठरतं. ‘इन द मूड फॉर लव्ह’साठी कान महोत्सवात २०००मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळवलेला हा नट हॉलिवुडमध्ये प्रथमच काम करत होता. सुपरहीरोपटातल्या खलनायकाला सहसा जग हवं असतं. वेनवूला मेलेली बायको परत हवी आहे. तिच्या प्रेमाखातर त्याने कडी उतरवून ठेवली होती, आणि कडी नव्हती तेव्हाच जुन्या शत्रूंनी तिला मारलं. त्यानंतर त्याने कडी पुन्हा चढवली, लहान मुलाला सोबत नेऊन त्याच्यासमोर सूड घेतला आणि त्याच मुलाला मारेकरी म्हणून घडवायला सुरुवात केली. आता ता लोमधल्या बंद दरवाज्याआडून आपल्याला तिची हाक ऐकू येते, अशी त्याची खात्री आहे. लेऊंग आवाज चढवत नाही. जेवणाच्या टेबलावर तो मुलांशी शांतपणे बोलतो, आपल्या नावाने एका अमेरिकी तोतयाने घातलेल्या धुडगुसाची थट्टाही करतो, आणि त्या शांतपणाचीच धास्ती वाटते. असा बाप समोर असला की मुलाच्या प्रत्येक ठोशाला घरातला अर्थ येतो.

मग शैलीही कथेचं काम करू लागते. शांग-चीला बापाने शिकवलेली घट्ट मूठ येते. लाकडी खांबावर हात रक्ताळेपर्यंत केलेला तो सराव आहे. ता लोमध्ये मावशी यिंग नान त्याच्याशी लढता लढता त्याची मूठ उघडते आणि आईची शैली त्याच्या अंगात उतरवते. शेवटच्या बाप-लेकाच्या लढाईत हे दोन्ही एकत्र येतात. वेनवूच्या हातात कडी निळ्या प्रकाशाने पेटतात. मुलाने तळवा उघडल्यावर तीच कडी त्याच्याकडे येतात आणि नारिंगी होतात. बापाला संपवण्याची संधी हातात असताना तो ती सोडतो. संवाद जवळपास नाहीत. डोळे मिटून ऐकणाऱ्याला इथे काही कळणार नाही, आणि आवाज बंद करून बघणाऱ्याचं काही बिघडणार नाही.

चित्रपट हसवतो तो मुख्यतः केटीच्या तोंडून. केटी झालेल्या ऑक्वाफिनाची बडबड काही ठिकाणी गंभीर प्रसंगाचा विरस करते, ही तक्रार रास्त आहे. पण कराओके गाऊन रात्र काढणारी, शिक्षण असून मोठ्या नोकरीच्या मागे न लागलेली ही दोन मुलं, आणि त्यांना टोमणे मारणारी केटीची आजी, हे घरगुती चित्र खरं आहे. ट्रेव्हर स्लॅटरी हा बेन किंग्जलीचा भंपक नट ‘आयर्न मॅन ३’ न पाहिलेल्यालाही मजा आणतो.

घसरण होते ती शेवटच्या अर्ध्या तासात. दरवाजा फुटतो, आतून आत्मे शोषणारा राक्षस बाहेर येतो, तळ्यातून पांढरा ड्रॅगन उठतो आणि दोघे आभाळात एकमेकांना विळखे घालतात. संगणकीय कामात खोट काढण्यासारखं फारसं नाही. दृश्य परिणामांसाठी चित्रपटाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. अडचण निराळी आहे. इतका वेळ प्रेक्षकाला मनगट, पाऊल, कंबर बघायची सवय लावली, आणि आता मनगटच नाही. राक्षसाला किती लागलं हे कळायचा मार्ग नाही, त्याच्याशी कोणाचं नातं नाही, आणि खरं भांडण बापाच्या मृत्यूबरोबर आधीच संपलेलं आहे. तिथे केटीने बाण सोडून निर्णायक घाव घालणं हेही गोष्टीपेक्षा हिशोब पुरा करण्यासारखं वाटतं. मार्व्हलच्या चित्रपटाचा शेवट प्रचंडच असला पाहिजे, या रिवाजाला क्रेटनला बगल देता आली नाही.

प्रेक्षकांनी हे फारसं मनावर घेतलं नाही. कोरोनाच्या काळात, अमेरिकेतल्या कामगारदिनाच्या सुट्टीत, चार दिवसांत चित्रपटाने तिथे नऊ कोटी डॉलरहून जास्त कमावले. त्या सुट्टीतला आधीचा, तीन कोटींच्या आसपासचा विक्रम कितीतरी मागे पडला. जगभरची कमाई ४३ कोटी डॉलरच्या घरात गेली, तीही चीनमध्ये प्रदर्शन झालं नसताना. भारतात तो सप्टेंबरमध्येच लागला, पण महाराष्ट्रातली चित्रपटगृहं २२ ऑक्टोबरपर्यंत बंद होती. त्यामुळे पहिल्या आठवड्यांच्या गर्दीत मुंबई-पुण्याचा प्रेक्षक नव्हता, आणि १२ नोव्हेंबरला चित्रपट ओटीटीवर आल्यावर अनेकांनी तो घरी बसून पाहिला. बसमधली मारामारी फोनच्या पडद्यावरही तेवढीच रंगते, कारण तिथली जागाच अरुंद आहे. जंगलातल्या लढाईला मात्र मोठा पडदा लागतो. दोन माणसं आणि त्यांच्यामधलं कमी होत जाणारं अंतर एकाच फ्रेममध्ये दिसावं म्हणून कॅमेरा तिथे मागे सरकलेला आहे, आणि तळहाताएवढ्या काचेवर ते अंतर मोजता येत नाही.